प्रश्नातील मोकळी जागा : अहवालाच्या पृच्छेतील चलांची मांडणी

कचेरीत सर्वांत अधिक वेळा केली जाणारी मागणी दिसावयास अगदी साधी असते : अमुक ठिकाणचा, अमुक काळाचा हिशेब सादर करावा. उत्तर प्रदेशातील झाशी येथील एखाद्या कचेरीत “झाशीचे यंदाचे आकडे” मागितले गेले, असे समजावे. या मागणीत महत्त्वाचे शब्द दोनच आहेत. परंतु त्यांपैकी एकाचाही अर्थ निश्चित नाही. झाशी हे एका शहराचे नाव आहे, एका तहसिलीचे आहे आणि एका जिल्ह्याचेही आहे. झाशी, जालौन व ललितपूर या तीन जिल्ह्यांचा मिळून जो महसुली विभाग होतो, त्याचे नावही झाशीच. उत्तर मध्य रेल्वेच्या तीन विभागांपैकी एक झाशीचा आहे, आणि लोकसभेच्या एका मतदारसंघालाही हेच नाव आहे. या सर्वांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. ‘यंदा’ या शब्दाची स्थितीही निराळी नाही, हे पुढे दिसून येईल.

अशी मागणी अनुभवी कारकुनापुढे आली, तर तो दप्तर उघडण्यापूर्वी उलट विचारतो : “कोणती झाशी? कोणते वर्ष?” संगणक मात्र आपण होऊन उलट प्रश्न करीत नाही. त्याला जे विचारावयास शिकविले असेल तेवढेच तो विचारतो. शिकविले नसेल तर काहीतरी गृहीत धरून चालू लागतो, आणि त्याने काय गृहीत धरले हे उत्तर वाचणाऱ्यास कळत नाही. अहवाल तयार करणाऱ्या संगणकीय प्रणालींत ‘चल’ नावाची जी सोय केलेली असते, ती म्हणजे त्या अनुभवी कारकुनाचा उलट प्रश्न होय. तो कोणाला विचारावा, केव्हा विचारावा आणि उत्तर न मिळाल्यास काय समजावे, हे आधी ठरविण्याच्या कामास चलांची मांडणी म्हणतात. प्रस्तुत प्रकरणात तिचा विचार केला आहे.

पृच्छा, स्थिर मूल्य आणि चल

साठविलेल्या माहितीतून हवी तेवढी माहिती निवडून आणण्यासाठी संगणकाला जो सुव्यवस्थित प्रश्न दिला जातो, त्यास पृच्छा असे म्हणावे. व्यवहारात ‘क्वेरी’ हा शब्दही रूढ आहे. माहिती कोष्टकांच्या रूपाने ठेवावी आणि ती कोठे व कशी साठविली आहे याची चिंता न करता केवळ तिच्या गुणधर्मांवरून मागता यावी, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्यावर आधारलेली पृच्छेची भाषा १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी प्रसिद्ध केली. पुढे त्याच भाषेला ‘एसक्यूएल’ हे नाव मिळाले. त्याच दशकात मोशे झ्लूफ यांनी कोष्टकाचा रिकामा नमुना पडद्यावर मांडून त्यातील रकाने भरावेत, अशी पद्धत सुचविली. १९७२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या एसएपी या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्यवसायाच्या अहवालांसाठी स्वतंत्र प्रणाली बाजारात आणली, तेव्हा तीत चलांना मानाचे स्थान मिळाले. या प्रकरणातील वर्गीकरण त्याच प्रकारच्या प्रणालींना धरून आहे. तत्त्वे मात्र कोणत्याही प्रणालीला लागू पडतात.

पृच्छेतील अट दोन प्रकारे लिहिता येते. ‘स्थानक = जेएचएस’ असे लिहिले, तर अट स्थिर झाली. ‘स्थानक = (चालविणारा सांगेल ते)’ असे लिहिले, तर तेथे मोकळी जागा राहिली. ही मोकळी जागा म्हणजेच चल. टपाल कचेरीतील छापील मनीऑर्डरचा नमुना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. नमुना एकच असतो. नाव, पत्ता व रक्कम प्रत्येकाची वेगळी असते.

स्थिर मूल्य लिहिणे तेवढ्यापुरते सोपे असते. परंतु जग स्थिर राहत नाही. झाशी जंक्शनचे संकेताक्षर दीर्घकाळ ‘जेएचएस’ असे होते. डिसेंबर २०२१ मध्ये स्थानकाचे नामांतर होऊन त्यास वीरांगना लक्ष्मीबाई यांचे नाव मिळाले, आणि नामांतरानंतर संकेताक्षरही बदलले. आता ते ‘व्हीजीएलजे’ असे आहे. त्यापूर्वी, २०२० साली, अलाहाबाद जंक्शनचे प्रयागराज जंक्शन झाले, तेव्हाही ‘एएलडी’ जाऊन ‘पीआरवायजे’ आले होते. एखाद्या पृच्छेत जुने अक्षर पक्के लिहून ठेवले असेल, तर बदलानंतर ती बंद पडणार नाही. ती चालेल, कोष्टक छापील आणि नव्या काळातील उतारूंची संख्या कोरी दाखवील. बंद पडलेले यंत्र दुरुस्तीला जाते. शांतपणे चुकीचे चालणारे यंत्र मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते.

मूल्याचे रूप

चल मांडताना पहिला निर्णय असा की, मोकळ्या जागेत कोणत्या रूपाचे मूल्य स्वीकारावयाचे. साधारणपणे चार रूपे आढळतात.

पहिले, एकच मूल्य : एक तहसील, एक महिना. दुसरे, अनेक सुटी मूल्ये : मऊरानीपूर आणि गरौठा या दोनच तहसिली. तिसरे, मर्यादा : अमुक दिनांकापासून अमुक दिनांकापर्यंत. चौथे, मुक्त निवड. तीत मर्यादा, सुटी मूल्ये आणि वगळणूक ही तिन्ही एकत्र येऊ शकतात. उदाहरणार्थ, झाशी जिल्ह्यातील झाशी, मऊरानीपूर, गरौठा, मोठ आणि टहरौली या पाच तहसिलींपैकी शहरी प्रभाव अधिक असलेली झाशी तहसील वगळून उरलेल्या चार.

मुक्त निवड सर्वांत समर्थ असल्यामुळे नवशिका अभ्यासक सर्वत्र तीच ठेवू पाहतो. हा मोह टाळावा. ज्या अहवालात दोन वर्षांची तुलना करावयाची आहे, तेथे वर्षाचे चल एकाच मूल्याचे असले पाहिजे. मागील वर्ष त्यावरून वजाबाकीने काढता येते. तेथे वापरणाऱ्याने चार वर्षांची मर्यादा भरली, तर ‘मागील वर्ष’ या शब्दाला अर्थच उरत नाही.

याखेरीज श्रेणीबद्ध रचनेतील एखादा नोड, म्हणजे वृक्षाची एक फांदी, हेही चलाचे मूल्य होऊ शकते. ‘झाशी विभाग’ ही फांदी निवडली की तिच्याखालील तीन जिल्हे व त्यांच्या सर्व तहसिली आपोआप अंतर्भूत होतात. कचेरीच्या कामात ही सोय मोठी आहे. तीतील धोका पुढे स्वतंत्रपणे सांगितला आहे.

मूल्य कोठून येते?

दुसरा निर्णय मूल्याच्या उगमाविषयीचा. पहिला उगम म्हणजे अहवाल चालविणारी व्यक्ती : प्रणाली विचारते, व्यक्ती भरते. सोयीसाठी तेथे एखादे मूल्य आधीच भरून ठेवता येते. त्यास पूर्वनिर्धारित मूल्य म्हणावे. दुसरा उगम म्हणजे दुसरी पृच्छा. एका पृच्छेने सर्वांत कमी पावसाच्या तहसिली शोधून काढावयाच्या आणि ती यादी दुसऱ्या पृच्छेच्या मोकळ्या जागेत भरावयाची. तिसरा उगम म्हणजे आज्ञावली : आजच्या दिनांकावरून चालू वर्ष, मागील महिना किंवा तिमाहीची सुरुवात ती मोजून काढते. चौथा उगम म्हणजे अधिकार : चालविणाऱ्यास जेवढे पाहण्याची मुभा आहे, तेवढेच मूल्य आपोआप भरले जाते.

पूर्वनिर्धारित मूल्याविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. मनुष्यस्वभाव असा की, जे आधीच भरलेले आहे ते बहुधा बदलले जात नाही. म्हणून पूर्वनिर्धारित मूल्य ठेवणे हा केवळ सोयीचा भाग नसून तो एक निर्णयच असतो, आणि तो मांडणी करणाऱ्याने इतर सर्वांच्या वतीने घेतलेला असतो.

‘वर्ष’ या चलाची मांडणी

झाशीमध्ये ‘वर्ष’ हा शब्द निदान तीन अर्थांनी वापरला जातो. इंग्रजी पंचांगाचे वर्ष १ जानेवारीस सुरू होते. सरकारी हिशेबाचे वित्तीय वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. उत्तर प्रदेशातील जमीनमहसुलाचे कागद मात्र फसली वर्षाने चालतात. ते १ जुलैस सुरू होऊन ३० जूनला संपते. १५ मे २०२५ हा एकच दिवस घेतला, तर तो इंग्रजी वर्ष २०२५ मध्ये, वित्तीय वर्ष २०२५–२६ मध्ये आणि फसली वर्ष १४३२ मध्ये पडतो. महाराष्ट्रातील वाचकास चौथे उत्तरही ठाऊक असते : तेथील महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असल्यामुळे त्याच्या हिशेबी हा दिवस २०२४–२५ मध्ये मोडतो.

फसली सनाचा घोटाळा एवढ्यावरच थांबत नाही. उत्तरेतील फसली आणि दक्षिणेतील फसली यांच्या आकड्यांत दोन वर्षांचे अंतर आहे. जुलै २०२४ मध्ये उत्तरेत १४३२ सुरू झाले, तर तमिळनाडूच्या महसुली कागदांत १४३४. ज्यांनी मोडी कागद हाताळले आहेत, त्यांना हा अनुभव नवीन नाही. शक, शुहूर सन आणि फसली यांपैकी कागदावरील आकडा कोणत्या गणनेतील आहे, हे ओळखल्याशिवाय पेशवाईतील पत्राचा दिनांक लावता येत नाही. १८५४ साली इंग्रजांनी खालसा केलेल्या झाशी संस्थानाच्या इतिहासाचा अभ्यासकही याच वाटेने जातो. तात्पर्य, वर्षाच्या आकड्यास गणनेची जोड नसेल, तर तो आकडा अपुरा होय. म्हणूनच सुविहित प्रणालीत वर्षाच्या चलाला वर्षगणनेचा प्रकार जोडलेला असतो. एसएपीच्या प्रणालीत एप्रिल ते मार्च या वर्षासाठी ‘व्ही-३’ असा प्रकार प्रचलित आहे.

याच प्रकारात बारा महिन्यांखेरीज चार विशेष कालखंड असतात. वर्षअखेरीच्या दुरुस्त्या व समायोजनाच्या नोंदी तेराव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या खंडांत केल्या जातात. कालखंडाचे चल ‘१ ते १२’ असे मांडले, तर वर्षभराचे मासिक आकडे बरोबर येतात; परंतु वार्षिक एकूण रक्कम लेखापरीक्षित हिशेबाशी जुळत नाही. दोष पृच्छेत असतो, आणि शोध मात्र बिचाऱ्या रोजकीर्दीत घेतला जातो.

शेतीच्या आकड्यांत वर्षाची निवड विशेष महत्त्वाची ठरते. बुंदेलखंडात रब्बीचा गहू आणि हरभरा हिवाळ्याच्या तोंडाशी पेरला जातो व मार्च–एप्रिलमध्ये काढला जातो. वित्तीय वर्षाची रेषा नेमकी याच पिकाच्या काढणीतून जाते. पेरणीचा खर्च एका वर्षात आणि गव्हाच्या विक्रीचा पैसा बहुतांशी दुसऱ्या वर्षात दिसतो. फसली वर्ष मुळी पिकांच्या हंगामांवरून बेतलेले असल्यामुळे त्यात खरीप व रब्बी अखंड राहतात. म्हणून तिजोरीच्या अहवालास वित्तीय वर्ष आणि पिकाच्या अहवालास फसली वर्ष, अशी दोन स्वतंत्र चले ठेवणे योग्य. दोहोंना ‘वर्ष’ असे एकच नाव देणे मात्र सर्वथा अयोग्य.

चालू वर्ष आज्ञावलीने काढावयाचे असल्यास नियम असा : महिना एप्रिल किंवा त्यानंतरचा असेल, तर वित्तीय वर्षाची सुरुवात चालू इंग्रजी वर्षात, अन्यथा मागील इंग्रजी वर्षात. उत्तरेतील फसलीसाठी : महिना जुलै किंवा त्यानंतरचा असेल तर इंग्रजी वर्षातून ५९२ वजा करावेत; अन्यथा ५९३. मे २०२५ साठी २०२५ मधून ५९३ वजा जाता १४३२ येतात, हे वरील उदाहरणाशी पडताळून पाहता येईल.

स्थळ आणि त्याचा काळ

वर्षाप्रमाणे स्थळही स्थिर नसते. १९७४ साली झाशी जिल्ह्यातून ललितपूर हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. १९७१ च्या जनगणनेतील ‘झाशी जिल्हा’ आणि १९८१ च्या जनगणनेतील ‘झाशी जिल्हा’ हे म्हणूनच दोन निरनिराळे प्रदेश आहेत. जिल्ह्याच्या चलात ‘झाशी’ भरून या दोन वर्षांची तुलना केली, तर लोकसंख्यावाढीचा जो दर येईल तो कोणत्याच भूभागाचा नसेल.

रेल्वेतही हेच घडले. झाशी विभाग पूर्वी मध्य रेल्वेत होता. एप्रिल २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वे अस्तित्वात आली, झाशी विभाग तिच्याकडे गेला आणि आग्रा हा नवा विभाग निर्माण होऊन आग्र्याच्या परिसरातील मार्ग त्यात गेले. २००२ आणि २००४ या वर्षांतील झाशी विभागाची वाहतूक शेजारी शेजारी मांडली, तर घट दिसेल. ती घट वाहतुकीची नसून नकाशाची असेल.

‘बुंदेलखंड’ ही फांदी तर अधिकच फसवी आहे, कारण ती दोन राज्यांत पसरलेली आहे. २००९ साली केंद्र सरकारने या प्रदेशासाठी ७,२६६ कोटी रुपयांची दुष्काळनिवारण योजना मंजूर केली, तेव्हा तीत तेरा जिल्हे होते : उत्तर प्रदेशातील झाशी, जालौन, ललितपूर, हमीरपूर, महोबा, बांदा व चित्रकूट हे सात, आणि मध्य प्रदेशातील सागर, दमोह, छत्रपूर, टीकमगढ, पन्ना व दतिया हे सहा. ऑक्टोबर २०१८ मध्ये टीकमगढमधून निवाडी जिल्हा वेगळा झाला; झाशीच्या शेजारचे ओरछा आज या निवाडी जिल्ह्यात आहे. जुन्या तेरा जिल्ह्यांची यादी पक्की लिहिलेल्या पृच्छेत २०१९ नंतरचे ओरछ्याचे आकडे येणारच नाहीत. प्रदेश तोच, लोक तेच. केवळ यादीत नाव नाही म्हणून ते अहवालाबाहेर राहतील.

यावर उपाय असा की, श्रेणीबद्ध रचना कालसापेक्ष ठेवावी आणि पृच्छेत आणखी एक चल मांडावे : रचना कोणत्या दिनांकाची घ्यावयाची, तो संदर्भदिनांक. जुने आकडे आजच्या सीमांनुसार मांडता येतात, किंवा त्या त्या काळच्या सीमांनुसार. दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत. परंतु त्यांची उत्तरे वेगळी येतात. संदर्भदिनांक न सांगता दिलेला आकडा हा अर्धा आकडा समजावा.

रिकामे, शून्य आणि अनिर्दिष्ट

तिसरा निर्णय असा की, वापरणाऱ्याने मोकळी जागा मोकळीच ठेवली तर काय करावे. चल अनिवार्य असेल, तर मूल्य भरल्याशिवाय अहवाल पुढे सरकत नाही. चल वैकल्पिक असेल, तर बहुतेक अहवाल-प्रणालींत ती अटच गळून पडते आणि सर्व मूल्यांची माहिती येते. तहसील न भरणाऱ्यास ‘एकही तहसील नाही’ असे उत्तर न मिळता ‘सर्व तहसिली’ असे मिळते. हे ठाऊक नसणाऱ्याच्या हातून संपूर्ण जिल्ह्याचा आकडा एका तहसिलीच्या नावावर सहज चढू शकतो. काळाचे चल म्हणूनच सहसा अनिवार्य ठेवावे. ते रिकामे राहिल्यास सर्व वर्षांची माहिती एकदम मागितली जाते आणि यंत्रावरही अकारण भार पडतो.

येथे तीन गोष्टींतील भेद पक्का ध्यानात धरावा. शून्य म्हणजे मोजले आणि काही आढळले नाही. रिकामे म्हणजे मोजल्याची नोंदच नाही. अनिर्दिष्ट म्हणजे नोंद आहे, परंतु ती कोणत्या तहसिलीची हे लिहिलेले नाही. पर्जन्यमापकावर ‘०.०’ अशी नोंद असणे आणि त्या दिवशी कोणी मापक वाचलेच नसणे, यांत किती अंतर आहे हे दुष्काळी मुलखातील माणसास सांगावयास नको. ज्या पृच्छेत अनिर्दिष्ट नोंदी गाळल्या जातात, तिच्यात तहसिलींची बेरीज जिल्ह्याच्या एकूण आकड्यापेक्षा कमी भरते. त्या नोंदी गाळू नयेत; स्वतंत्र ओळीत दाखवाव्यात.

सूत्रातील चल

चल केवळ निवडीसाठी नसते. गणिताच्या सूत्रातही त्याला स्थान असते. भारतीय हवामान खात्याच्या पद्धतीत ज्या दिवशी २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस पडतो, तो पर्जन्यदिन मानला जातो. जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी वा अधिक असल्यास तो सामान्य, २० ते ५९ टक्के कमी असल्यास तुटीचा, आणि ६० ते ९९ टक्के कमी असल्यास मोठ्या तुटीचा समजला जातो. यांपैकी सरासरी ही राशी वरवर पाहता अचल वाटते, तीही बदलते. १९६१–२०१० या काळावरून काढलेली देशाच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाची सरासरी ८८०.६ मिलिमीटर होती. १९७१–२०२० या काळावरून ती ८६८.६ मिलिमीटर झाली, आणि २०२२ सालापासून ही नवी सरासरी वापरात आली.

केवळ उदाहरणादाखल एक जिल्हा घ्यावा. तेथे ७०० मिलिमीटर पाऊस पडला आहे. जुनी सरासरी ८८० मिलिमीटर धरली, तर तूट २०.५ टक्के येते आणि जिल्हा तुटीच्या वर्गात जातो. नवी सरासरी ८६५ मिलिमीटर धरली, तर तूट १९.१ टक्के येते आणि पाऊस ‘सामान्य’ ठरतो. आकाशातून पडलेल्या पाण्यात एका थेंबाचाही फरक झालेला नाही. मोकळ्या जागेत भरलेला आकडा तेवढा बदलला. मदतीच्या यादीत गावाचे नाव येणे वा न येणे जर या वर्गावर अवलंबून असेल, तर ती मोकळी जागा कोणी आणि कोणत्या आधारावर भरली, हे जाणण्याचा हक्क त्या गावालाही आहे. सरासरीचा आधारकाल सूत्रात गाडून न ठेवता चल म्हणून उघड मांडावा, हा या उदाहरणाचा बोध.

अधिकार, जतन केलेले संच आणि अहवालाचा माथा

अधिकारातून भरले जाणारे चल गोपनीयतेसाठी आवश्यक असते. परंतु ते गुपचूप काम करते. एकाच अहवालाची आज्ञा जिल्हा कचेरीतून दिली तर पाचही तहसिलींची बेरीज येते, आणि मऊरानीपूरच्या अधिकाऱ्याने दिली तर एकाच तहसिलीची. दोन्ही कागदांवर ‘जिल्हा अहवाल’ असेच शीर्षक असेल, तर बैठकीत दोन आकड्यांचा वाद उभा राहतो आणि दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे असतात.

वारंवार लागणारी मूल्ये एकत्र जतन करण्याची सोयही प्रणालीत असते. अशा संचात ‘१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५’ असे प्रत्यक्ष दिनांक साठविले, तर पुढील वर्षी तोच संच मागील वर्षाचा अहवाल निमूटपणे देत राहील. दिनांक साठवू नयेत. ते काढण्याचा नियम साठवावा. त्याचप्रमाणे एकच चल अनेक पृच्छांत सामाईक असते. एका अहवालाच्या सोयीसाठी त्याचे पूर्वनिर्धारित मूल्य बदलले, तर ते इतर सर्व अहवालांत बदलते. विहिरीत औषध टाकण्यापूर्वी तिचे पाणी किती घरांत जाते, हे पाहावे लागते. येथेही तेच करावे.

या सर्व अडचणींवर एक साधा उपाय आहे. शीर्षकात मजकुराची चले वापरून भरलेली सर्व मूल्ये अहवालाच्या माथ्यावर छापावीत : कोणती झाशी, कोणते वर्ष व त्याची गणना, सीमांचा संदर्भदिनांक, सरासरीचा आधारकाल, आणि अहवाल कोणाच्या अधिकारमर्यादेत निघाला. कागद हातोहात फिरतो, पडदा फिरत नाही. प्रश्न सोबत नसलेले उत्तर दोन हातांपलीकडे गेले की त्याचा अर्थ हरवतो.

पडताळणी

मांडणी पुरी झाल्यावर ती परीक्षेस लावावी. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न प्रथम विचारावा. २०११ च्या जनगणनेत झाशी जिल्ह्याची लोकसंख्या १९,९८,६०३ होती. ग्रामीण व नागरी यांची बेरीज तेवढीच आली पाहिजे, आणि आली नाही तर पुढे जाऊ नये. त्यानंतर सीमेवरचे दिवस भरून पाहावेत : ३१ मार्च आणि १ एप्रिल, ३० जून आणि १ जुलै. मग एकेक वैकल्पिक चल रिकामे सोडून काय येते ते पाहावे. शेवटी कमी अधिकार असलेल्या व्यक्तीच्या नावाने तोच अहवाल चालवून शीर्षक खरे बोलते की नाही, याची खात्री करावी.

यंत्राचा वेग वाढला म्हणून प्रश्न नेमका विचारण्याची जबाबदारी कमी होत नाही. उलट ती वाढते. पूर्वी चुकीचा प्रश्न एका कारकुनाचा एक दिवस वाया घालवी. आता तो क्षणार्धात शंभर कचेऱ्यांत पोहोचतो, आणि त्याच्या उत्तराला छापील कोष्टकाचा मान मिळतो.

स्वाध्याय

१. ‘झाशीतील मागील वर्षाची गव्हाची खरेदी’ या मागणीत किती चले दडलेली आहेत? त्यांपैकी कोणती अनिवार्य ठेवावीत?

२. १० फेब्रुवारी २०२६ हा दिवस कोणत्या वित्तीय वर्षात व उत्तरेतील कोणत्या फसली वर्षात पडतो, ते नियमाने काढावे.

३. बुंदेलखंडातील जिल्ह्यांच्या २०१५ व २०२० या वर्षांतील आकड्यांची तुलना करावयाची आहे. संदर्भदिनांक कोणता घ्यावा? दोन पर्याय मांडून प्रत्येकाचा अर्थ एका वाक्यात लिहावा.

४. आपल्या गावाच्या ग्रामपंचायतीचा एखादा छापील अहवाल घेऊन, तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न पूर्णपणे लिहून काढावा. कोणती मूल्ये कागदावर दिलेली नाहीत, त्यांची यादी करावी.